पाटी पाहावी की गोठा?



इंदूर शहराच्या दक्षिण अंगास भंवरकुआं नावाचा चौक आहे. २०२१ साली त्यास टंट्या मामा भील यांचे नाव देण्यात आले. तथापि रिक्षावाला, पोहेवाला आणि परगावाहून पाठीवर पिशवी घेऊन उतरणारा विद्यार्थी या तिघांच्याही तोंडी अद्याप भंवरकुआंच आहे. माळव्यातील व निमाडातील कितीतरी मुले-मुली या भागात खोल्या घेऊन राहतात, खाणावळीत जेवतात आणि स्पर्धा-परीक्षांची तयारी करतात. शिकवणी-वर्गांच्या पाट्या इतक्या दाट की, मागच्या इमारतीचा रंग कोणता हे सांगता येऊ नये. याच परिसरात १८९१ साली स्थापन झालेले होळकर विज्ञान महाविद्यालय आहे, आणि खंडवा रस्त्याने थोडे पुढे गेले की देवी अहिल्या विश्वविद्यालयाचे तक्षशिला परिसर लागतो. अशा या चौकात एका संध्याकाळी मला जो प्रश्न विचारण्यात आला, त्याविषयी आज आपणांशी बोलावयाचे आहे.

माझ्या शेजारचे एक गृहस्थ आपल्या कन्येस घेऊन आले होते. मुलगी बारावीत, जीवशास्त्र घेतलेली, हुशार. बाप चिंतेत. मुलीला म्हणे प्राण्यांचा अभ्यास करावयाचा आहे. पण नुसत्या प्राण्यांचा नव्हे, माणसाचाही. दोघांचे एकमेकांशी जे नाते असते, त्याचा. "या विषयाचे चांगले कॉलेज कोणते एवढे सांगा, म्हणजे मी फीच्या तजविजीला लागतो," ते म्हणाले. मी मुलीकडे वळून विचारले, "तुला नेमके काय जाणून घ्यायचे आहे?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "काका, मी लहान असताना आमच्या गल्लीच्या टोकाशी गवळ्याचा वाडा होता. म्हशी होत्या, दोन गाई होत्या. आता तिथे काही नाही. त्या गाई-म्हशी कुठे गेल्या? आणि तो गवळी आता काय करतो? मला हे विचारायचे आहे, आणि कोणत्या पुस्तकात त्याचे उत्तर आहे ते कळत नाही."

खरे सांगतो, इतका नेमका प्रश्न घेऊन कॉलेजच्या दारात उभे राहणारे विद्यार्थी मी फार पाहिले नाहीत. पण बापाची चिंताही खोटी नव्हती. घरची शिल्लक बेताची, आणि मुलीची पाच वर्षे एकदा गेली की परत यावयाची नाहीत. चुकीची पाटी पाहून आत शिरल्यास दोन्ही वाया. म्हणून या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करणे अवश्य आहे.

प्रथम हा विषय तरी काय, ते पाहू. पाश्चात्य देशांत त्यास 'अँथ्रोझूऑलॉजी' असे लांबलचक नाव आहे. आपण त्यास मानव-प्राणी संबंधांचे शास्त्र म्हणू. १९६२ साली बोरिस लेव्हिन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. त्याच्याकडे उपचारासाठी येणारे एक अबोल मूल माणसांशी मोकळे होत नव्हते. ते त्याच्या कुत्र्याशी मात्र मोकळे झाले, असे त्याने पाहिले होते. त्या वेळी पुष्कळांना ही गंमत वाटली. पुढे १९८७ मध्ये या विषयाला वाहिलेले स्वतंत्र नियतकालिक निघाले, १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि इंग्लंडातील एक्झेटर विद्यापीठासारख्या ठिकाणी त्याची एम.ए.ची पदवीही सुरू झाली. आपल्याकडे मात्र या नावाची पाटी लावलेला पदवीचा वर्ग शोधू गेल्यास निराशाच पदरी येण्याचा संभव अधिक. याचा अर्थ विषय नाही असा नव्हे. तो चार निरनिराळ्या दालनांत वाटला गेला आहे, एवढेच.

रस्त्यावरच्या एका कुत्र्याचे उदाहरण घ्या. प्राणिशास्त्रज्ञ विचारील, याचा टोळीधर्म कसा, हद्द किती, हा काय खातो? पशुवैद्य विचारील, यास रेबीजची लस टोचली आहे काय? कायदेपंडित विचारील, यास येथून उचलून नेण्याचा अधिकार कोणास? आणि समाजशास्त्रज्ञ विचारील, यास रोज पोळी घालणाऱ्या आजीबाई आणि याच्या भीतीने रस्ता बदलणारा शाळकरी मुलगा एकाच गल्लीत कसे राहतात? चौघांपैकी एकाचेच ऐकून काम भागत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने ११ तारखेस एक आदेश दिला आणि २२ तारखेस त्यात बदल केला, हे आपण वाचले असेलच. कुत्री सरसकट निवाऱ्यांत ठेवावी, की नसबंदी व लसीकरण करून होती तेथे सोडावी, हा तो वाद होता. अशा वादात केवळ प्रेम किंवा केवळ भीती पुरी पडत नाही. माहितगार माणूस लागतो. तो माणूस कोठे तयार व्हावयाचा, हाच आपला प्रश्न आहे.

हा विषय परदेशातून आयात करावा लागतो, असेही कोणी समजू नये. निदान इंदूरकराने तरी समजू नये. होळकरांचे घराणे मूळचे धनगरांचे. मेंढरांमागे चालणाऱ्या समाजातून ते राज्यपदास पोहोचले. इंदूरहून नर्मदाकाठी महेश्वरास जावे, तर पैलतीरावर नावडातोली आहे. तेथे १९५० च्या दशकात डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले आणि तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वस्तीत धान्याबरोबर गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या यांची हाडेही मिळाली. त्या हाडांवरून त्या माणसांचे जेवण आणि त्यांची शेती यांचा पत्ता लागतो.

याहून जवळचे उदाहरण खुद्द शहरातले आहे. १९२४ साली सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदुरात 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' ही संस्था उभारली. शेतातला काडीकचरा, जनावरांचे शेण आणि गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती यांचे थर देऊन, ते ठरावीक वेळी परतवून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत त्यांनी तेथे सिद्ध केली. १९३१ साली त्यांनी तिजवर ग्रंथ लिहिला, त्यात यशवंत वाड हे त्यांचे सहलेखक होते. साऱ्या जगात ती पद्धत इंदूरच्याच नावाने ओळखली जाते. पीक, जनावर, माती आणि माणूस हे एकाच चाकाचे आरे आहेत, हा धडा जगाने आपल्या गोठ्यातून घेतला, आणि आपण मात्र तो विषय शिकण्यासाठी विलायतेची पत्रके चाळत बसतो!

त्याच इंदुरात आता गोठा उरलेला नाही. २०१७ पासून ओळीने सात स्वच्छता-सर्वेक्षणांत हे शहर पहिले आले, सातव्या वेळी सुरतेच्या जोडीने. त्यासाठी जी अनेक कामे झाली, त्यांत शहरातील जनावरांचे वाडे बाहेर हलविणे हेही एक होते. २०२२ मध्ये देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून वायू करणारा मोठा प्रकल्प उभा राहिला. दिवसाला ५५० टन कचरा पचविण्याची त्याची क्षमता. त्याचे नाव 'गोबर-धन', पण त्यात जातो तो मुख्यतः घरांतला आणि बाजारातला ओला कचरा. स्वच्छतेचा लाभ मोठा आहे, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु जनावर गेले, त्याबरोबर कोणाचा रोजगार गेला, दुधाचा रस्ता किती लांबला, आणि पोळ्याला मातीचे बैल पुजणाऱ्या आमच्या मराठी घरांतील मुलांनी खरा बैल पाहावयाचा तो कोठे, हे प्रश्न उरतातच. ती मुलगी नकळत हेच विचारीत होती.

आता चार दालनांकडे वळू.

पहिले दालन पशुवैद्यकाचे. भंवरकुआंहून राऊच्या रस्त्याने महू गाठावे. तेथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासूनचे आहे आणि सध्या जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विश्वविद्यालयाच्या कक्षेत आहे. पदवीचा काळ साडेपाच वर्षांचा. त्यातले अखेरचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. प्रवेशासाठी 'नीट' परीक्षा द्यावी लागते. मुंबईला मावशी आहे, तेव्हा परळच्या कॉलेजात घालू, असा विचार येथील कित्येक मराठी घरांत होतो. परळचे कॉलेज निःसंशय जुने आणि नामांकित. आधी बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय झाले, आणि त्याच्या आश्रयाने १८८६ साली कॉलेज निघाले. परंतु महाराष्ट्राच्या राज्य-कोट्यातील जागांना अधिवासाची अट असते, आणि पिढ्यान्‌पिढ्या इंदुरात राहिलेला मराठी माणूस कागदोपत्री मध्यप्रदेशीच असतो. त्यास परराज्यात मुख्यतः अखिल भारतीय वाट्याच्या १५ टक्के जागांचा विचार करावा लागतो. मावशीच्या भरवशावर अर्ज भरण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

दुसरे दालन प्राणिशास्त्राचे व जीवविज्ञानाचे. होळकर महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकता येते. विश्वविद्यालयात जीवविज्ञानाचा विभाग आहे. पुढे ज्यास वन्यप्राण्यांकडे जावयाचे असेल, त्याच्यासाठी १९८२ साली स्थापन झालेली डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आहे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वन्यप्राण्यांचा अभ्यास म्हणजे माणसांपासून दूर रानात राहणे, असे पुष्कळांना वाटते. डॉ. विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यातील बिबट्यांचा अभ्यास केला, तो जंगलात नव्हे, उसाच्या शेतांत आणि वस्त्यांच्या कडेने. माणसांच्या दाट वस्तीत बिबटे राहतात, आणि तरी रोज अनर्थ होत नाही, हे त्यातून दिसले. ठाणे-पालघरकडचे वारली वाघोबाला पुजतात, त्या श्रद्धेचाही आता शास्त्रज्ञ अभ्यास करतात. २०२३ साली महूच्या परिसरात वाघ आला, तेव्हा केवळ त्याचे ठसे ओळखणारा माणूस पुरेसा नव्हता. भेदरलेल्या गावकऱ्यांशी बोलू शकणाराही हवा होता.

तिसरे दालन समाजशास्त्र, मानवशास्त्र आणि पुरातत्त्व यांचे. तक्षशिला परिसरात सामाजिक शास्त्रे शिकविली जातात, पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात मानवशास्त्राचा विभाग आहे, आणि पुण्याच्याच डेक्कन कॉलेजात उत्खननातील प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास करण्याची दीर्घ परंपरा आहे. गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडिताने धनगरांच्या वाड्यांवर फिरून, त्यांच्या ओव्या ऐकून, खंडोबा-बिरोबा यांविषयी जो ग्रंथ लिहिला, तो या दालनातील वस्तुपाठ होय. मेंढपाळाला समजून घ्यावयाचे तर मेंढरांमागे चालावे लागते, हे त्याने जाणले होते.

चौथे दालन कायद्याचे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या आग्रहामुळे ज्याची वाट मोकळी झाली, तो प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा. प्राणी कल्याण मंडळ १९६२ चे. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. पुढे महाराष्ट्राने आपल्या कायद्यात दुरुस्ती केली, आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने ती मान्य केली. बैलाची वेदना, शेतकऱ्याचा अभिमान आणि राज्याचा अधिकार हे तिन्ही एकाच तराजूत तोलावे लागले. ज्याची बुद्धी वादविवादात रमते, त्याने या दालनाकडे अवश्य पाहावे. हैदराबादच्या नालसार विधि विद्यापीठात प्राणिविषयक कायद्यासाठी स्वतंत्र केंद्रच आहे.

दालन ठरले, तरी कॉलेज ठरत नाही. त्यासाठी माझ्या मते तीन प्रश्न विचारावेत. तेही कार्यालयाच्या खिडकीशी नव्हे, आत जाऊन.

पहिला प्रश्न : येथे जनावर कोठे आहे? जेथे प्राणी शिकवावयाचा, तेथे गोठा, रुग्णालय, जनावरांचा बाजार, माळरान किंवा निदान नियमित सहली असल्याच पाहिजेत. काचेच्या बरण्या आणि रंगीत तक्ते पाहून भुलू नये. रुग्णालयात सकाळच्या वेळी जावे, आणि विद्यार्थी जनावराजवळ आहेत की भिंतीजवळ, ते पाहावे.

दुसरा प्रश्न : येथे माणूस कोठे आहे? म्हणजे ज्या शेतकऱ्याचे, गवळ्याचे, धनगराचे जनावर, त्याच्याशी विद्यार्थ्यांची गाठ पडते काय? गावात शिबिरे होतात काय? शिक्षकांनी गेल्या चार-पाच वर्षांत कोणता अभ्यास केला आहे, आणि त्यात माणूस येतो काय? चांगला शिक्षक हा प्रश्न विचारल्यावर रागावत नाही. उलट खुर्ची पुढे करतो.

तिसरा प्रश्न : येथून वाट कोठे जाते? पदवीस मान्यता कोणाची? पशुवैद्याचा व्यवसाय करावयाचा तर १९८४ च्या कायद्यानुसार परिषदेने मान्य केलेली पदवी आणि नोंदणी लागते. एरवी हाती सुई धरता येत नाही. इतर पदव्यांची मान्यता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत स्वतः पाहावी. आणि मागील तीन वर्षांतील विद्यार्थी आज काय करीत आहेत, हे प्राचार्यांना नव्हे, त्या विद्यार्थ्यांनाच विचारावे. घरबसल्या थोड्या आठवड्यांत प्रमाणपत्र देणारे वर्गही अलीकडे पुष्कळ निघाले आहेत. गोडी लागण्यापुरते ते ठीक. घरची शिल्लक त्यांवर खर्चू नये.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप करून पोटापाण्याचे काय? प्रश्न रास्त आहे. २०१९ च्या पशुगणनेत आपल्या देशात सुमारे ५३ कोटी ५७ लाख पशुधन मोजले गेले. जेथे इतकी जनावरे, तेथे जनावर आणि माणूस दोहोंना जाणणाऱ्याची गरज संपावयाची नाही. प्राण्यांतून माणसांत येणाऱ्या रोगांची धास्ती आता साऱ्या जगाने घेतली आहे. माणसाचे, जनावराचे आणि परिसराचे आरोग्य एकच मानणारी राष्ट्रीय संस्था नागपुरास उभी करण्यासाठी २०२२ च्या डिसेंबरात कोनशिला बसली. येत्या काळात वैद्य, पशुवैद्य आणि समाजशास्त्रज्ञ यांना एका टेबलाशी बसावेच लागेल. तथापि, या वाटेने पैसा झटपट येतो, असे मी म्हणणार नाही. ज्यास तीच घाई असेल, त्याने दुसरी पाटी शोधावी.

आणखी एक गोष्ट पालकांनी मुलांना आधीच सांगावी. प्राण्यांवर प्रेम आहे, एवढे भांडवल पुरत नाही. या अभ्यासात चिरफाड आहे, दुर्गंध आहे, रात्रीबेरात्रीची धावपळ आहे. कधी जनावर हातांत मरते, आणि कधी ते वाचत असूनही धन्याजवळ औषधापुरते पैसे नसतात. हे ज्यास सोसेल, त्याचेच प्रेम टिकते.

हे सर्व बोलून झाल्यावर मी बाप-लेकीला सल्ला दिला की, अर्ज भरण्यापूर्वी एक सकाळ कोणत्याही सरकारी पशुरुग्णालयाच्या ओसरीवर बसून काढा. ते गेले. आठवड्याने मुलगी एकटीच आली. म्हणाली, "काका, एक म्हातारे बाबा म्हैस घेऊन आले होते. म्हशीला तपासायला डॉक्टरांना दहा मिनिटे लागली असतील. मग अर्धा तास ते त्या बाबांशीच बोलत बसले होते. घरी वैरण किती, दूध कोणाला घालता, कर्ज किती, सून काळजी घेते की नाही. मला वाटायचे, प्राण्यांचे कॉलेज वेगळे आणि माणसांचे वेगळे."

तिने 'नीट'चा अर्ज भरावयाचे ठरविले आहे. क्रमांक लागला तर महू. न लागला तर होळकर महाविद्यालयात प्राणिशास्त्र, आणि पुढे समाजशास्त्राची जोड. दोन्ही वाटा त्या एकाच चौकापासून निघतात, तेव्हा बापाची चिंताही निम्मी झाली आहे. मधल्या काळात तिने एक काम हाती घेतले आहे. गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारीत विचारीत ती त्या गवळ्याचा पत्ता शोधीत आहे. शहराबाहेर कोठेसा त्याचा नवा वाडा आहे, एवढे तिला कळले आहे.

ज्यास आपला प्रश्न गवसला, त्यास कॉलेज गवसते. ज्यास कॉलेज आधी गवसले, त्याने निदान प्रश्न तरी शोधीत राहावे, इतकेच मला आज आपणांस सांगावयाचे होते.